फेकू नका, पुजूही नका

हल्ली एक नवीच टूम निघाली आहे. कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं जुनं यंत्र कुठूनतरी पैदा करायचं, टेबलावर मांडायचं, शेजारी मंद दिवा लावायचा, फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, "अ‍ॅनालॉगची ऊब". यंत्र चालतं का, हे मात्र विचारायचं नाही. विकणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं असतं: "दिवा लागतो. पुढे तपासलेलं नाही." आता मला सांगा, "हॉर्न वाजतो, इंजिन सुरू करून पाहिलेलं नाही" असं सांगणाऱ्याकडून तुम्ही स्कूटर घ्याल का?

दुसरीकडे आमची घरची मंडळी. त्यांचं एकच पालुपद. "एवढं सगळं फोनवर होतं रे, कशाला तो डबा? दे भंगारात!"

या दोन्ही पक्षांवर माझा राग आहे, आणि आज दोघांनाही झोडायचं आहे.

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली ती बोलणं टिपायला. टेपची रुंदी ३.८१ मिमी, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरलाही कमी. आपल्या घरातल्या डेकवर त्या रुंदीत दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक असतात, दोन 'ए' बाजूला आणि दोन 'बी'ला. १९७९ साली टीअ‍ॅकने टॅस्कॅम या नावाखाली पोर्टास्टुडिओ १४४ काढला. त्यात हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले, वेग दुप्पट केला (सेकंदाला ९.५ सेंमी) आणि मिक्सर त्याच डब्यात बसवला. त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर फक्त १५ मिनिटं मावतात. पण गिटार एकावर, आवाज दुसऱ्यावर, असं एकट्याने घरी बसून करता येऊ लागलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली न्यू जर्सीतल्या घरी याच १४४वर गाण्यांचे कच्चे आराखडे रेकॉर्ड केले. पुढे बँडला घेऊन स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, पण मनासारखी झाली नाहीत. शेवटी ती घरची कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. २०२५ साली त्यावर सिनेमासुद्धा आला, आणि ही टूम बहुधा त्यामुळे आणखीच फोफावेल.

आता भंगारवाल्या पक्षाकडे वळू. काका, मावशी, तुमचं म्हणणं नव्या रेकॉर्डिंगपुरतं शंभर टक्के मान्य. नवीन काही करायचं तर फोन आणि संगणकच बरा. पण जुन्या कॅसेटींचं काय? माझ्याकडच्या एका कॅसेटवर तिसऱ्या ट्रॅकवर नानांची पेटी आहे. नाना आता नाहीत. ती कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घाला. एका बाजूला पहिले दोन ट्रॅक ऐकू येतील, अर्ध्या वेगाने, एक सप्तक खाली. उलटी करून घातलीत तर नानांची पेटी येईल, पण शेवटाकडून सुरुवातीकडे! त्यात अशा यंत्रांवर बहुधा डीबीएक्स असतं. ते खरखर कमी करण्यासाठी रेकॉर्ड करताना आवाजाचा चढउतार निम्म्याने दाबतं आणि वाजवताना पुन्हा दुप्पट करतं. साध्या डेकला हे उलगडताच येत नाही.

"मग संगणकावर सरळ करून घे की!" असंही कुणी म्हणेल. ऐकायला सोपं आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या घ्या, वेग दुप्पट करा, एक उलटवा आणि जोडा. पण कुठलाही डेक दोन वेळा अगदी एकाच वेगाने फिरत नाही. सुरुवात जुळवली की शेवट सुटतो, आणि पेटी तबल्याच्या पुढे पळू लागते. चारही ट्रॅक एकाच वेळी वाचणारं हेड असेल तर हा प्रश्नच येत नाही. म्हणजे डबा भंगारात गेला की त्याच्याबरोबर कॅसेटही गेलीच समजा, मग ती कपाटात कितीही जपून ठेवा.

आता पुजारी पक्ष. बाबांनो, हे यंत्र नुसतं ठेवून टिकत नाही. आतले बेल्ट कालांतराने वितळून डांबरासारखे होतात आणि पुलीला चिकटतात. मग मोटर घरघरते आणि कॅसेट जागची हलत नाही. ग्रीस सुकून घट्ट होतं. टेप दाबून पुढे ढकलणारा रबरी रोलर गुळगुळीत होतो आणि एक दिवस टेप खातो. मिक्सरच्या पट्ट्या न सरकवल्याने त्यांच्यात मळ बसतो आणि एखादा ट्रॅक गायबच होतो. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. आणि तुमची ती प्रसिद्ध "ऊब" म्हणजे पुष्कळदा नुसता घाणेरडा हेड असतो. वरच्या पट्टीतला आवाज गेला की आपण त्याला ऊब म्हणायचं, हे बरं आहे!

खरं तर देखभाल फार अवघड नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्यायची, हेड आणि टेप ओढणारा लोखंडी दांडा पुसायचा, काडीवरचा तपकिरी डाग जाईपर्यंत. रबराला सौम्य साबणाचं पाणी पुरतं. डीमॅग्नेटायझर वापरायचा तर यंत्र बंद, कॅसेटी दुसऱ्या खोलीत, आणि तो हळूहळू हातभर लांब नेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ असताना बंद केलात तर चुंबकत्व जायच्या ऐवजी बसतं.

आणि हात जोडून विनंती, हेडचा तो बारीक स्क्रू उगाच पिळू नका. आवाज दबका आला की पहिला स्क्रूड्रायव्हर तिकडेच जातो. पण त्या यंत्रावर भरलेली कॅसेट हेडच्या त्याच तिरकसपणाने भरलेली असते. आधी साफ करा, मग बेल्ट बदला, मग पट्ट्या साफ करा. स्क्रू अगदी शेवटी, आणि तोही मूळ जागेची खूण करूनच.

हे सगळं घरी का करावं लागतं, तर दुकानात उत्तर ठरलेलं असतं. मी एका ठिकाणी यंत्र नेलं, तर झाकणही न उघडता "पार्ट मिळत नाही" म्हणून परत पाठवलं. अहो, बेल्ट मापाने मिळतो! लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत पाय झिजवण्याची तयारी हवी, इतकंच. त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्किटची आकृती आणि सुट्या भागांचे नंबर असायचे. आज हजारोंच्या फोनबरोबर काय मिळतं? आपल्या सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, ते चांगलंच केलं. पण यंत्र उघडून पाहायची सवयच गेली असेल तर पोर्टल एकटं काय करणार?

असो. फार लांबलं. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी येत्या रविवारी ते उघडावं, पुसावं, आणि हाताशी असलेल्या कॅसेटी चारही ट्रॅक वेगवेगळे ठेवून संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर यंत्र टेबलावर मांडा, विका, नाहीतर कुणा गाणाऱ्या पोराला द्या, माझी काही हरकत नाही. ज्यांच्याकडे नुसत्याच कॅसेटी आहेत, त्यांनी त्या माझ्याकडे आणाव्यात. चहा मिळेल. फक्त येण्याआधी फोन करा, बेल्ट बदलायचं काम चालू असेल तर टेबलावर जागा नसते.