शोभेचं तळं आणि त्याचा बांध



हल्ली आपल्या घरांत फार्महाऊसचं प्रस्थ चांगलंच वाढलंय. कुठे चार-पाच भाऊबंद मिळून जमीन घेतात, कुठे प्लॉटिंगच्या स्कीममध्ये छोटा बंगला होतो. आणि तिथे एक तळं हमखास असतं. ओढ्यावर मातीचा भराव टाकून पाणी अडवलेलं, काठावर बाकडी, एखादी पायडलची होडी, संध्याकाळी फोटो. मुलं पाण्याजवळ जाऊ नयेत म्हणून आपण दहा वेळा ओरडतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते सगळं पाणी ज्या भरावाने धरून ठेवलंय, त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. त्यावरून आपण चालतो, एवढंच.

माझं मत सरळ आहे. ज्याचं तळं, त्याचा बांध. त्याची काळजी घेणं होत नसेल, तर तळं ठेवू नये. मौज आपली आणि धोका खालच्या वस्तीचा, हा हिशोब बरोबर नाही.

'एवढंसं तर तळं आहे' असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टोकोआची गोष्ट ऐकावी. तिथे एका धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचा बांध होता. 1899 साली आधी लाकडी चौकटीत दगड भरून तो केला, पुढे त्यावर मातीचा भराव चढत गेला. उंची साधारण 38 फूट, लांबी 400 फूट, तळं चाळीसेक एकरांचं. खाली एक बायबल कॉलेज होतं. त्यांनी या पाण्यावर वीज तयार केली, ती 1957 साली बंद झाली. त्यानंतर तळं उरलं ते नुसतं विरंगुळ्याचं. ज्या दिवशी एखाद्या पाण्याचा उपयोग संपतो, त्या दिवसापासून त्याच्या बांधावर खर्च करायला कुणाचा हात उठत नाही. हे आपल्याला घरातल्या वस्तूंवरूनही ठाऊक आहे.

1977 च्या नोव्हेंबरात तिथे चार दिवस पाऊस झाला. 6 तारखेला रात्री दीडच्या सुमारास, सगळे झोपेत असताना बांध फुटला. पाणी धबधब्यावरून थेट खालच्या घरांवर आलं. 39 माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती.

नंतर चौकशी झाली, तेव्हा एकच एक कारण सापडलं नाही. बांधाचा खालच्या बाजूचा उतार फार उभा होता. त्यावर झाडं वाढली होती. आतून पाणी झिरपत होतं. काही वर्षांपूर्वी त्याच उताराचा एक तुकडा घसरला होता, तरी पुढे काही झालं नाही. बांधाचे नकाशेसुद्धा कुणाकडे नव्हते. एकेक गोष्ट घेतली तर किरकोळ, आणि सगळ्या मिळून एका रात्री घात झाला. त्यानंतर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी खासगी आणि स्थानिक मालकीचे धोक्याचे बांध तपासायला लावले. पुढच्या काही वर्षांत सुमारे 8,800 बांध तपासले गेले आणि जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाले. म्हणजे टोकोआचा बांध काही जगावेगळा नव्हता. फुटला म्हणून तो दिसला, इतकंच.

त्याहून जुनी घटना पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाऊनची. तिथलं तळं मोठं होतं, पण तेही मौजेचंच. पिट्सबर्गच्या धनाढ्यांचा क्लब होता, अँड्र्यू कार्नेगीसुद्धा त्याचे सभासद. पाणी खालून सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. बग्गी जावी म्हणून बांधाचा माथा थोडा खाली घेतला. आणि पाळलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी मोठ्या पावसात त्या जाळ्यांत पालापाचोळा अडकला, सांडवा तुंबला आणि पाणी बांधावरून वाहू लागलं. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की तो टिकत नाही. त्या दिवशी 2,209 लोक गेले.

आपल्याकडे 2021 साली धरण सुरक्षा कायदा आला, पण तो मुख्यतः 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरमधली धरणं त्यात येतात, पण काही अटींवर: लांबी 500 मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर, अशा. टोकोआचा बांध साडेअकरा मीटरच्या आसपास होता, पण लांबी आणि साठा या दोन्ही मापांत कमी पडला असता. मग आपल्या फार्महाऊसचा पाच-सहा मीटरचा भराव तर लांबच राहिला. तेव्हा 'काही असेल तर सरकार बघेल' हे मनातून काढून टाका. तिथे बघणारे आपणच.

चिपळूणजवळचं तिवरे आठवतच असेल. 2 जुलै 2019 च्या रात्री ते धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि सगळीकडे हसू झालं. मला त्यात हसण्यापेक्षा शिकण्यासारखं जास्त वाटतं. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या भरावात बिळं करतात, हे खरंच आहे. पण बीळ करणं हा त्यांचा स्वभाव. ते वेळेवर पाहणं हे आपलं काम. दोष त्या मुक्या जिवाला का द्यायचा?

आता आपल्यातला एक आक्षेप. हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच: 'बांध दुरुस्त करायचा म्हणजे पाणी काढा, मासे मरतील, झाडं तोडा, बिळं बुजवा. एवढी हिंसा कशाला? आहे तसं राहू द्या.' पंधरा कर्मादानांत तलाव-सरोवर सुकवणं येतं, हे आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यामुळे मनात शंका येणं स्वाभाविक आहे. पण माझ्या समजुतीप्रमाणे तो निषेध पोटासाठी तलाव सुकवण्याच्या धंद्याचा आहे. पाणी दोन-तीन फूट खाली घेऊन बांध सांभाळणं, आणि त्यायोगे खालची वस्ती, त्यांची गुरं आणि त्या तळ्यातलेच जीव वाचवणं, हे त्यात कसं येईल? बांध फुटला तर एकही मासा तळ्यात राहत नाही. 'आहे तसं राहू द्या' यात मला अहिंसा दिसत नाही, प्रमाद दिसतो.

आणि गंमत अशी की यतनेची वाट आणि इंजिनिअरची वाट इथे एकच निघते. पाणी उतरवायचं तर ते हळूहळूच उतरवावं लागतं. एकदम काढलं तर भिजलेला आतला उतार घसरतो. हळूहळू काढलं की जलचरांनाही खोल पाण्याकडे सरकायला अवधी मिळतो. बिळांसाठी विष घालायचं नसतं. गवत कापून आखूड ठेवलं, पाण्याच्या बाजूने दगडांचं पिचिंग नीट राखलं, की घर करायला तिथे मुळात कुणी येत नाही. झाडाचं रोप वीतभर असताना काढलं तर एका रोपावर भागतं. वीस वर्षांनी तेच झाड बांध पोखरतं. मग ते तोडलं तरी मुळं आत कुजतात आणि पाण्याला वाट होते. म्हणून मोठी झाडं आपल्या मनाने उपटायची नाहीत, जाणकाराला विचारूनच काय ते करायचं.

बांध बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. भिंतीला ओल आली की ती घरात सगळ्यात आधी आपल्याला दिसते, तीच नजर इथे लावायची. पावसाळ्याआधी एकदा आणि मोठ्या पावसानंतर दर वेळी बांधावरून आणि पायथ्याने एक फेरी मारा. सांडवा मोकळा आहे का? त्यावर जाळी, फळ्या, वाळूच्या गोण्या असं काही लावलेलं नाही ना? माथ्यावर भेग किंवा खड्डा? उताराला कुठे पोट सुटल्यासारखं? पायथ्याशी झिरपणारं पाणी निवळ आहे का गढूळ? निवळ असेल तर लक्ष ठेवा, खूण करून ठेवा. गढूळ असेल तर बांधातली माती वाहून चालली आहे. मग सोमवारपर्यंत थांबायचं नाही. खालच्या घरांना आणि तहसील कार्यालयाला त्याच क्षणी कळवायचं. त्यासाठी खालच्या वस्तीतल्या दोन-तीन घरांचे फोन नंबर आपल्याकडे आधीच असायला हवेत. वॉचमनकडेही.

खर्चाचं म्हणाल तर, बंगल्याच्या रंगाला आणि लॉनला आपण दर वर्षी पैसे काढतोच. दोन वर्षांतून एकदा मातीकामाच्या जाणकार इंजिनिअरला बोलावून बांध दाखवणं त्या मानाने काहीच नाही. सामाईक तळं असेल तर हे कुणी करायचं ते कागदावर लिहून घ्या. पाच मालकांचं तळं म्हणजे बहुतेक वेळा बिनमालकाचा बांध. आणि रिसॉर्टमध्ये सहलीला जाल तेव्हा खोलीचं भाडं विचारताना बांध शेवटचा कधी तपासला हेही विचारा. चार बायकांनी विचारलं की पाचव्या वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

पाऊस तोंडावर आला आहे. आपण गच्चीची पन्हाळी साफ करतो, धान्याला ऊन देतो, लोणच्याच्या बरण्या बांधतो. या यादीत या वर्षी बांधाची एक फेरी लिहा. आणि घरातल्या पुरुषांनी 'त्यात काय बघायचंय' म्हटलं, तर त्यांनाही बरोबर न्या.