‘माय’ खोडून ‘आई’

आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत लेखन शिकवत नाहीत. नक्कल शिकवतात. निस्त्या शिव्या द्यायच्या म्हणून मी हे म्हणत नाही. मी तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. सातवी-दहावी झालेली आपली पोरं माझ्यापुढं उभी राहतात आन् म्हणतात, काका, चार ओळी लिहून द्या. अक्षर म्हणाल तर माझ्यापेक्षा झकास. पण काय झालं ते तूच लिही म्हटलं की पेन थांबतो. वर्षानुवर्षं त्या हातानं फळ्यावरचंच उतरवलंय. फळा नाही तर हातही नाही.

निबंध घ्या. ‘माझी आई’. गुरुजी फळ्यावर लिहितात, पोरं उतरवतात. माझी आई प्रेमळ आहे, ती पहाटे उठून देवपूजा करते. कोणाची आई? आमच्या वस्तीनं १९५६ च्या धर्मांतरानंतर देव घराबाहेर काढले. आमची माय पहाटे उठते ती हळदीच्या कामावर जायला.

एका लेकरानं फळ्याकडं न बघता लिहिलं होतं. चौथीतलं लेकरू, वही मी माझ्या डोळ्यानं पाहिली. ‘माह्या मायचे हात रोज पिवळे असतेत. धुतले तरी जात नाहीत. घरात लगीन नाही तरी.’ बस, एवढंच. हिंगोली-वसमतची हळद सारा मुलूख खातो, पण त्या हळदीबद्दल एवढं खरं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. गुरुजींनी काय केलं? माह्या खोडून माझ्या. मायचे खोडून आईचे. असतेत खोडून असतात. लगीन खोडून लग्न. खाली लाल शाईत शेरा: शुद्धलेखन सुधारा. हातांबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या निबंधात त्या लेकराची आईही देवपूजा करू लागली.

शुद्धलेखन! शब्दच बघा. विटाळ विहिरीवरून उठला, तोही सगळीकडून नाही, आन् वहीत येऊन बसला.

कोणी म्हणेल, मग काय नियमच नकोत? पाहिजेत. प्रमाण मराठी आमच्या पोरांना आली पाहिजे, ठणकावून आली पाहिजे. ती येत नाही त्याला हापिसात कुत्रं विचारत नाही, हे मी रोज बघतो. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो काय अडखळत लिहिला होता? पण इथं क्रमच उलटा आहे. लेकराला सांगायचंय ते आधी कागदावर येऊ द्या, मग ऱ्हस्व-दीर्घ बघा. आधीच खोडलं तर सुधारायला उरतं काय?

आन् गुरुजी, ज्या नियमांची ढाल करता ते तरी वाचा. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. त्यातच लिहिलंय की कोणाच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहायला हरकत नाही. म्हणजे कादंबरीतल्या पात्राला सूट, आन् ज्याच्या घरचं ते बोलणं त्या लेकराला लाल शाई!

एका वाक्यासाठी एवढा बोभाटा कामून, असं वाटत असेल तर ते वाक्य पुढं कुठं जातं ते बघा. १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा. त्याच्या १९९५ च्या नियमांतला पाचवा नियम सांगतो: तोंडी फिर्याद ठाण्याच्या अधिकाऱ्यानं लिहून घ्यावी, फिर्यादीला वाचून दाखवावी, सही घ्यावी, नक्कल फुकट द्यावी. प्रत्यक्षात जमादार लिहितो, ‘शिवीगाळ केली’. कोणती शिवी? जातीचं नाव घेऊन? चारचौघांत? खटला ज्या शब्दांवर उभा राहायचा तेच शब्द कागदावर नसतात. आपला पोरगा ते वाचतो, वाचता येतं त्याला, आन् सही ठोकतो. त्याला वाटतं, कागदावर असंच लिहितात. आपल्या कानानं ऐकलेलं, आपल्या तोंडचं कागदावर घालायचं नसतं, हे त्याला चौथीतच पढवलंय. मग कोर्टात समोरचा वकील विचारतो, जातीवरून बोलला हे फिर्यादीत कुठंय?

लहान वयात लिहिता येत नाही, असं सांगू नका. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, चौदा वर्षांची. शिक्षण तीन वर्षांचं. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आन् १८५५ साली ‘ज्ञानोदय’नं तो दोन अंकांत छापला. आमच्या बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही, हे तिनं लिहिलं. वेदाला आम्ही शिवायचं नाही तर आमचा धर्म कोणता, हेही तिनंच विचारलं. तीन वर्षांत! आमचं पोरगं आठ वर्षांनंतरही ‘मी पाहिलेली जत्रा’ उतरवतंय, न पाहिलेली.

सरकारचं तर विचारूच नका. २०२३ साली बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पानं घातली, ‘माझी नोंद’ म्हणून. मला बरं वाटलं होतं. २०२५ च्या जानेवारीत निर्णय गुंडाळला. का? तर पोरं पानं नीट वापरत नाहीत. कशी वापरतील? कोरं पान म्हणजे गुरुजी सांगेपर्यंत थांबायची जागा, एवढंच त्यांना ठाऊक.

आता आपल्याच गुरुजींना. आपल्याच वस्तीतून शिकून तुम्ही नोकरीला लागलात, म्हणून तुम्हाला जास्त बोलतो. बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं. २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस झाला. तुम्ही निबंध स्पर्धा घेता. मोबाइलवरून काढलेला एकच निबंध चाळीस वह्यांत, पहिला नंबर वळणदार अक्षराला. बाबासाहेबांच्या नावानं नक्कल, आन् वर पेढे!

येत्या ७ नोव्हेंबरला फळा पुसून ठेवा. विषय द्या: काल घरी काय झालं. लाल पेन खिशातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्या लेकराजवळ बसा, आन् ‘माह्या’च्या शेजारी ‘माझ्या’ लिहा. खोडून नाही, शेजारी. मग त्या वह्या इकडं पाठवा. पुढच्या अंकात जशाच्या तशा छापू.