सर्वसमावेशक म्हणे!

परवा आमच्या गिरणीत कॅन्टीनच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. गुळगुळीत, रंगीत. वर इंग्रजी, खाली मराठी. विविधता आणि सर्वसमावेशकता हीच म्हणे आमची ताकद. फोटोत पाच माणसं हसून रायली. एकाच्याही भुवईवर रुई नाही. आमचं सूत घेणारी कोणती तरी मोठी कंपनी हाय, तिचा हा कागद. मालकाले ऑर्डर पाहिजे, म्हणून मालकानं लावला.

त्याच कागदाच्या खाली, खिडकीत, झाडूवाल्या मावशीचा गिलास ठेवला हाय. वेगळा. वेगळा ठेव असं आता तिले कोणी म्हणत नाही. तीच ठेवते. मी विचारलं तर म्हणे, "राहू दे बाबू, कायले बोंब पाडतं?"

दोस्तांनो, बोंब याच्यासाठीच पाडायची हाय.

मी या गिरणीत आलो तेव्हा मेंटेनन्सले हेल्पर पाहिजे होता. पाना-पेचकस माझ्या हाताले लहानपणापासून ठाऊक. साहेबानं विचारलं, गाव कोणतं? सांगितलं. मग विचारलं, गावात घर कोन्या अंगाले? म्हणलं, पूर्वेले. साहेब हसला अन् फारम उलटं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी ब्लोरूममध्ये. गाठी फोडतो, रुई खातो. साहेबानं जात विचारली नाही बरं का! जात विचारणं वाईट दिसते. त्यानं फक्त दिशा विचारली.

ही चलाखी नवी नाही. आधी एवढी हुशारीही लागत नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास काढा. रिंगखात्यात महार चालत होता, साचेखात्यात चालत नव्हता. पगार जास्त कुठं? साचेखात्यात. मग तिथं बंदी कायले? तर धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची, अन् सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाले लागणार. महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाले कसा लावील? एवढ्याशा भोकावर हजारो माणसांची रोजी अडवली.

आता मेरिटवाल्यांनो, जरा इकडं कान करा. आमच्या वऱ्हाड-नागपुरात महार माणूस पिढ्यान् पिढ्या जाडंभरडं कापड विणत होता. इंग्रजांच्या वेळच्या नोंदीत लिहिलेलं हाय. म्हणजे विणणं आमच्या हातात होतं. झोपडीतला माग चालला, गिरणीतला साचा चालला नाही. मग मेरिट कुठं कमी पडलं? हातात नाही, थुंकीत कमी पडलं!

1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. लाल बावट्याचे पुढारी पुढं होते. बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, अस्पृश्य कामगाराले सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क हाय हे तुम्ही मान्य करा, नाही तर मी माझ्या लोकांना संपात जाऊ नका म्हणून सांगीन. तेव्हा पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागणी यादीत घेतली. मालकांपुढं नेली तर मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केला नाही. म्हणजे काय ते समजून घ्या. मालकानं कामगाराकडं बोट दाखवलं. अन् या एका बाबतीत मालक खोटं बोलत नव्हता. कामगारच कामगाराच्या तोंडाचा विटाळ मानत होता.

मग 1938 ची मनमाडची परिषद. 12 आणि 13 फेब्रुवारी. जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची. मनमाडवरून भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी जाते तीच ही लाईन. या रुळांवर आमच्या बापजाद्यांनी खडी फोडली. बाबासाहेबांनी तिथं सांगितलं की आपला माणूस गँगमन लागतो अन् गँगमनच राहतो. साधा पोर्टरही होत नाही. कारण पोर्टरले स्टेशन मास्तरच्या घरातलं काम करा लागते, अन् घरात विटाळ चालत नाही. तिथंच त्यांनी कामगारांचे दोन दुश्मन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे नुसती ब्राह्मण जात नाही, स्वातंत्र्य-समता-बंधुता नाकारणारी वृत्ती, अन् ती सगळ्या वर्गांत शिरली हाय, हेही त्यांनीच सांगितलं. आमचे कॉम्रेड यातला एकच दुश्मन पाठ करतात. आमचे साहेब झालेले भाऊ दुसराच तेवढा पाठ करतात. पूर्ण धडा कोणी वाचावा?

राज्यघटना आली. कलम 16 आलं. सरकारी नोकरीत राखीव जागा आल्या. आमच्यातले मास्तर झाले, कारकून झाले, रेल्वेत टी. सी. झाले. पण खाजगी गिरणीच्या, खाजगी कंपनीच्या गेटावर घटना थांबली. पुढं सरकारी जागाही ठेकेदाराकडं गेल्या. मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर मोडत गेल्या. आमच्याकडं अचलपूरची फिनले मिल सरकारी महामंडळाची, ती 2020 साली टाळेबंदीत थांबली. आता नोकरी हाय ती खाजगीत. अन् खाजगीत काय चालते?

2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी केलेला अभ्यास छापून आला. आपले थोरात सर अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी पेपरातल्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवले. शिक्षण तेच, लायकी तीच. बदललं फक्त नाव. एक सवर्ण आडनावाचा, एक दलित आडनावाचा, एक मुसलमान नावाचा. बोलावणं यायची शक्यता सवर्ण नावाले 1 धरली तर दलित नावाले 0.67 अन् मुसलमान नावाले 0.33 निघाली. माणूस समोर नाही, तोंड दिसलं नाही, थुंकी लांबच. नुसत्या आडनावाचा विटाळ!

अन् वरच्या मजल्यावर? 2012 साली देशातल्या 1000 मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास निघाला. शंभरातले 93 संचालक वरच्या जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन. बाप्पा! यालेच विविधता म्हणतात काय? मग आमच्या खेड्यातली पाटलाची बैठकही सर्वसमावेशकच म्हणा लागते.

2006 साली केंद्र सरकारनं खाजगी क्षेत्रात आरक्षणाचा विषय काढला तेव्हा उद्योगपतींच्या संघटना म्हणाल्या, कायदा नको, आम्ही आपखुशीनं करतो. आपखुशी! आपखुशीनं महाडचं तळं खुलं झालं होतं काय?

आता मुद्द्याचं बोलतो. हे कंपनीवाले विविधता मोजतात. सेबीचा नियम हाय. 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना अहवाल द्या लागते, कामाले बायका किती, अपंग किती. हे मोजावंच. बाई खालीच दबली हाय, अन् आमची बाई तर सगळ्यांच्या खाली. पण कामगाराच्या जातीचा रकाना त्याच्यात नाही. सगळं मोजलं, जेच्यावर हा देश उभा हाय तेच मोजलं नाही. विचारलं तर म्हणतात, आम्ही जात मानत नाही. अरे, मानत नाही तर संडासाच्या कामाले एकाच जातीची माणसं कशी सापडतात? ती बरोबर शोधून कोण आणते?

अमेरिकेत पाहा. तिथं 1966 पासून 100 च्या वर माणसं असलेल्या कंपनीले दरसाल लिहून द्या लागते, कोणत्या कामावर काळे किती, गोरे किती. मोजलं म्हणून भांडता आलं. हेही पाहा, की 2025 च्या जानेवारीत तिथल्या राष्ट्राध्यक्षानं सहीच्या एका फटकाऱ्यात सरकारी खात्यांतले हे विविधतेचे कार्यक्रम बंद करायचा हुकूम काढला. धडा काय? मर्जीनं दिलेलं मर्जीनं जाते. भिंतीवरचा कागद उद्या दुसऱ्या कागदाखाली जाईल. हक्क कायद्यात पाहिजे, अन् कायद्यामागं माणसं पाहिजेत.

आता आपल्याच घराकडं वळतो. राग आला तर येऊ द्या. त्या मावशीचा गिलास मी वर्षभर पाहिला. आम्ही चार भीमसैनिक रोज त्याच कॅन्टीनमध्ये जेवतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावा म्हणून आम्ही मॅनेजरशी भांडलो. पण मावशी मेहतराची. तिचा डबा आमच्या डब्याजवळ कधी आला नाही, अन् आम्ही कधी बोलावलं नाही. 1928 सालचा साचेवाला आपल्यातही बसला हाय, साथींनो. त्याले आधी उठवा. मी मागच्या सोमवारी तो गिलास खिडकीतून उचलून सगळ्या गिलासांत मिसळला. दोघं जण त्या दिवशी पाणी प्याले नाहीत. त्यातला एक आपला होता.

म्हणून माझ्या मागण्या लिहून ठेवतो. 

1. प्रत्येक गिरणीच्या, कंपनीच्या गेटावर खातेवार यादी लावा, कोणत्या कामावर कोणत्या जातीची माणसं किती. ठेकेदाराची माणसं धरून. 
2. मुलाखतीत घर, दिशा, बाप काय करतो हे विचारणं बंद. हात पाहा, काम पाहा. 
3. झाडूचं काम जातीवर देणं बंद. देता तर पक्का पगार द्या, अन् मशीनवर जायची वाट मोकळी ठेवा. 
4. खाजगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा करा. आपखुशी तुमच्याजवळच ठेवा. 
5. युनियननं या मागण्या पगारवाढीच्या मागणीच्या वर लिहाव्या. खाली नाही.

सर्वसमावेशक म्हणता ना? मग तो कागद काढू नका, राहू द्या. फक्त त्याच्या बाजूले ही यादी लावा. मग पाहू कोण हसते.

जय भीम.