तंबोऱ्याच्या माथ्यावरचा चिमटा

सुरतेच्या मैफिलींतून हल्ली एक नवे दृश्य दिसू लागले आहे. तंबोऱ्याच्या माथ्यावर, खुंट्यांच्या शेजारी, आगपेटीएवढे यंत्र चिमट्याने बसविलेले असते. मुळात ते गिटारसाठी निघालेले. तार छेडली की स्वर चढा आहे की उतरलेला, हे ते दाखविते आणि जुळला की हिरवा दिवा लावते. ते पाहून जुन्या रसिकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला त्या आठ्या सरसकट मान्य नाहीत.

यंत्राची बाजू आधी सांगितली पाहिजे. तापीकाठच्या दमट हवेतून तंबोरा वातानुकूलित सभागृहात आला की लाकूड आणि तारा दोन्ही बदलतात. आत जुळविलेले वाद्य रंगमंचावर बिघडते. समोर कुजबुज, शेजारी तबल्यावर हातोडी. हे यंत्र हवेतला आवाज न घेता लाकडाचा कंप घेते, म्हणून त्या गलक्यातही षड्जापाशी चटकन पोहोचविते. गिटारवाल्याचे तर त्यावर पूर्ण भागते, कारण त्याच्या वाद्याचे पडदेच समान अर्धस्वरांच्या हिशोबाने बसविलेले असतात. परंतु अहमदाबादेच्या ब्रिजभूषण काब्रांनी तीच गिटार रागसंगीतासाठी घेतली, तेव्हा त्यांनाही पडदे सोडून तारेवरून कांडी सरकवावी लागली!

तंबोऱ्याचा हिशोब निराळाच आहे. अर्धस्वराचे १०० भाग मानले, तर यंत्राचा पंचम षड्जापासून ७०० भागांवर आणि शुद्ध पंचम ७०२ वर येतो. दोन भागांचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण काळी एकच्या तंबोऱ्यात तेवढ्यानेही साधारण दर दोन सेकंदांस स्वर हेलकावतो. गांधाराची तफावत तर १४ भागांची: यंत्राचा ४००, शुद्ध ३८६. हा गांधार कोणत्याच तारेवर लावलेला नसतो. खर्ज नीट लागला, जवारीवरचा दोरा जागी बसला, की तो आपोआप बोलू लागतो. दोरा कोठे सरकवावा हे हिरवा दिवा सांगत नाही. तो एकेका तारेची हजेरी घेतो. चौघींचे मेतकूट जमले की नाही, ते कानानेच ठरवावयाचे.

आपल्या बडोद्याला हा वाद नवा नाही. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा देवल व क्लेमेंट्स यांच्या श्रुति-हार्मोनियमवरून बराच खल झाला. पुढे ती पेटी मागे पडली. टिकली ती साधी पेटी, आणि तिच्या चढ्या गांधाराला आपले कान केव्हा सरावले, हे आपल्यालाही कळले नाही. सोयीची वस्तू कानाला अशीच हळूहळू आपल्या वळणावर नेते. माझी भीती एवढीच आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: रंगमंचावर चिमटा खुशाल लावा, षड्ज सापडला की काढून ठेवा, आणि उरलेले काम डोळे मिटून करा. घरच्या रियाजात मात्र तो नकोच. ज्याला तंबोरा जुळविता येत नाही, त्याला आपला स्वर हलला हे तरी कसे कळावे?

श्रोत्यांनाही एक विनंती आहे. तंबोरे जुळत असताना घड्याळाकडे पाहू नये. गवई यंत्राकडे धावतो तो पुष्कळदा आपल्याच चुळबुळीला भिऊन. त्या पाच मिनिटांत केवळ तारा नव्हे, आपले कानही जुळत असतात.