जुन्नरच्या गडांवरची ओलीस लेकरे

#थ्रेड

१/
जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो. परंतु याच तालुक्यातील चावंड व जीवधन या गडांवर निजामशाहीतील दोन कोवळे राजपुत्र कोंडून ठेवले होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात असते. घटस्फोटात मुलांच्या ताब्यावरून आज जे चालते, ते समजून घेण्यासाठी या दोन मुलांची हकीकत उपयोगी पडते. म्हणून हा प्रपंच.

२/
१५९५. इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना मारला गेला. मागे राहिला तान्हा बहादूर. वजीर मियाँ मंजू याने अहमद नावाच्या दुसऱ्याच मुलाला गादीवर बसवले आणि बहादूरची रवानगी चावंडवर केली. विरोधी गटाच्या इखलासखानाने बहादूरला मागितले, तेव्हा मंजूच्या हुकमाविना मूल सोडण्यास किल्लेदाराने नकार दिला. मग त्या गटाने बाजारातून त्याच वयाचे एक मूल आणले आणि हाच खरा वारस, अशी द्वाही फिरवली!

३/
त्या बाजारातल्या मुलाकडे नीट पाहा. एका मुलाच्या जागी दुसरे चालत असेल, तर भांडण मुलासाठी नव्हतेच. ते होते मुलाच्या नावाने चालणाऱ्या सत्तेसाठी. पुढे १५९६ मध्ये चांदबिबीच्या पुढाकाराने बहादूर चावंडवरून सुटला व गादीवर बसला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले आणि तो ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. गड बदलला, कैद तीच.

४/
दुसरा गड जीवधन, नाणेघाटाचा राखणदार. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी जीवधनावरील बाल मुर्तझाला बाहेर काढले आणि पेमगिरीवर त्याच्या नावाने निजामशाही पुन्हा उभी केली. १६३६ मध्ये माहुलीच्या तहात तो मुलगा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. राजांचा पराक्रम निर्विवाद आहे. पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर तोही एका हातातून दुसऱ्या हाती गेला. आपल्या आवडत्या पुरुषाने केले म्हणून हे सत्य झाकणे इतिहासाभ्यासकाला शोभत नाही.

५/
आता वर्तमानात या. जुन्नर असो वा घोडेगाव, नवरा-बायकोचा वाद न्यायालयात गेला की पोटगी आणि जमिनीच्या जोडीने मुलाचा ताबाही मागितला जातो. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे कलम १७ सांगते की मुलाचे हित पाहावे, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही न्यायालयाला विचारात घेता येते. तरतूद उदार आहे. पण मुलाच्या शब्दाला वजन आले, की तो शब्द आधीच घडवून ठेवण्याचा मोहही येतो.

६/
हे काम घरात, हळूहळू होते. भेटीच्या दिवशी नेमका ताप येतो. फोन ‘चार्जिंगला’ असतो. आजी सहज म्हणते, ‘तुझ्या बापाला तू नकोच होतास.’ दुसऱ्या घरी आत्या म्हणते, ‘आईने तुला टाकले.’ वर्षभराने ते पोर न्यायाधीशांपुढे मोठ्यांची वाक्ये मोठ्यांच्याच शब्दांत म्हणते. चावंडच्या किल्लेदाराला निदान तटबंदी लागत होती. येथे मुलाच्या मनालाच कुलूप घातले जाते. आई करो वा बाप, हा अन्यायच आहे.

७/
‘मग मूल आईकडे जाईना किंवा बापाकडे जाईना, की ते फितवलेले समजावे का?’ मुळीच नाही. १९८५ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी या प्रकाराला ‘सिंड्रोम’ ठरवले. त्या निदानाला वैद्यकविश्वाची मान्यता मिळाली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही संज्ञा वापरली खरी, पण २०२४ मध्ये बजावले की घाईने असा शिक्का मारू नये, प्रत्यक्ष वर्तनाचे प्रसंग तपासावेत. मार खाल्लेले मूल घाबरते, त्याला कोणी पढवावे लागत नाही. त्याच्यावर ‘फितवलेले’ असा शिक्का मारून त्याला मारणाऱ्याच्या हाती देणे, हाही मुलाला ओलीस ठेवण्याचाच प्रकार.

८/
आता शिवनेरीकडे वळू. शहाजीराजे कर्नाटकात, जिजाऊसाहेब व शिवराय पुण्यात, अशी वर्षे गेली. त्यावरून ‘राजांनी जिजाऊंना टाकले’ असे रंगवून सांगणाऱ्या पोस्टी दर महिन्याला फिरतात. चाकरी आणि जहागिरीची व्यवस्था म्हणजे काडीमोड नव्हे, एवढे तरी त्या लिहिणाऱ्यांनी समजून घ्यावे. आणि पुढे काय घडले तेही पाहावे. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजे कैद झाले. वडिलांपासून दूर वाढलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांच्या सुटकेसाठी शाहजादा मुरादबक्षाशी पत्रव्यवहार केला, आणि १६४९ मध्ये कोंढाण्यासारखा किल्ला सोडून दिला.

९/
जिजाऊंनी मुलाला काय सांगितले, त्याची नोंद आपल्यापाशी नाही. पण मुलाने काय केले, त्याची आहे. अंतराने बाप तुटत नाही. तोडण्यासाठी कोणीतरी रोज झटावे लागते.

१०/
म्हणून मागणी साधी आहे. मुलाशी बोलायचे तर न्यायाधीशांनी दाव्याच्या आरंभीच, दोन्ही पक्षांना बाहेर ठेवून बोलावे. तारखांत दोन वर्षे गेल्यावर नव्हे. धोका नसेल तेथे दुसऱ्या पालकाच्या भेटी पहिल्या महिन्यापासून सुरू व्हाव्यात. धोका असेल तेथे त्या देखरेखीखालीच व्हाव्यात. आणि आजी-आजोबा, मामा, आत्या यांनी मुलासमोर जीभ आवरावी. यासाठी कोणताही कायदा लागत नाही.

११/
हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी असा दावा चालू असेल. त्यांना एवढेच सांगणे आहे. आईवर माया असणे म्हणजे बापाशी फितुरी नव्हे, आणि बापाची आठवण येणे म्हणजे आईशी बेइमानी नव्हे. कोणाची भीती वाटत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर निःसंकोच सांगा. पण कोणी पढवलेले वाक्य म्हणायला सांगितले, तर ‘हे माझे म्हणणे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे. बहादूर आणि मुर्तझा यांना तो कोणीच दिला नव्हता.