भरपाई नुकसानीची, की बिलाची?

पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत वाहनांची संख्या रस्त्यांच्या क्षमतेपलीकडे गेली आहे. सिग्नलवर दुचाकीचा आरसा मोटारीला घासणे, वळणावर बंपरला धक्का लागणे, सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना शेजाऱ्याच्या दारावर पोचा पडणे, हे प्रकार आता नित्याचे झाले आहेत. कोणाला इजा झालेली नसते, चूक कोणाची याविषयीही फारसा वाद नसतो. खरा वाद दोन-चार दिवसांनी, दुरुस्तीचे बिल हाती पडते तेव्हा सुरू होतो. दोन-अडीच हजारांचे वाटलेले काम पंचवीस हजारांचे झालेले असते आणि चूक कबूल केलेला माणूस रकमेविषयी शब्द काढण्याचा अधिकार आपण गमावला, अशा समजुतीने गप्प बसतो.

ही समजूत चुकीची आहे. चूक मान्य करणे आणि रक्कम मान्य करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. निष्काळजीपणामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती भरून देण्याची जबाबदारी येते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र भरपाईचे दिवाणी तत्त्व असे, की नुकसान सोसणाऱ्यास पैशाने शक्य तितके पूर्वस्थितीत आणून ठेवावे. त्याहून वाईट नाही आणि त्याहून चांगल्या स्थितीतही नाही. नुकसान किती झाले हे सिद्ध करण्याचा भार ते मागणाऱ्यावर असतो. शिवाय नुकसान अकारण वाढू न देण्याची अपेक्षाही त्याच्याकडून असते. कायद्याच्या दृष्टीने देणे नुकसानीचे असते. बिल हा त्या नुकसानीचा केवळ एक पुरावा होय.

बिल फुगते कसे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. सहा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या मागच्या बंपरला दुचाकीची धडक बसली, असे समजू. वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात नवा बंपर ६ हजार, तीन भागांचे रंगकाम १२ हजार, मजुरी ३ हजार, अशी २१ हजारांची बेरीज येते. तीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की आकडा २४ हजार ७८० वर जातो. प्रत्यक्षात धक्का एकट्या बंपरला लागला असेल, तर उरलेल्या दोन भागांचे जुने ओरखडे या निमित्ताने झाकले जात आहेत. रंगकाम ४ हजार आणि मजुरी १ हजार धरली, तर करासह रक्कम १२ हजार ९८० होते. बंपर तुटलेला नसून केवळ चेपला असेल आणि तो तापवून सरळ करता येत असेल, तर ती आणखी खाली येते. गाडी प्रत्यक्ष दुरुस्त न करता केवळ अंदाजपत्रकावर पैसे मागितले जात असतील, तर न भरलेल्या कराची मागणी कशाच्या आधारावर, हा प्रश्नही रास्त ठरतो.

घसाऱ्याचा मुद्दा याहून नाजूक आहे. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवला की मालकाला काही प्रमाणात लाभ होतो. मोटार विम्यात वर्षानुवर्षे रूढ असलेल्या तक्त्यानुसार प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के, तर पाच ते दहा वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा वजा होतो. काचेवर मात्र काहीच वजा होत नाही. हा तक्ता विमा कंपनी आणि तिचा ग्राहक यांच्यातील कराराचा भाग असल्याने तिऱ्हाइतावर तो आपोआप लागू होत नाही. मालकाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्याने नवा बंपर मागितला नव्हता. दुसऱ्याच्या चुकीमुळे त्याला तो घ्यावा लागत आहे. म्हणूनच घसारा हा हट्टाचा नव्हे, तर वाटाघाटीचा विषय मानणे योग्य. जुन्या ओरखड्यांचा खर्च हा मात्र वाटाघाटीचाही विषय नाही, कारण तो या अपघाताचा खर्चच नव्हे.

दुहेरी वसुलीची शक्यताही लक्षात घ्यावयास हवी. मोटारमालकाचा सर्वंकष विमा असेल, तर तो दुरुस्तीचा बहुतांश खर्च आपल्या कंपनीकडून घेऊ शकतो. तसे केल्यास नूतनीकरणाच्या वेळी मिळणारी, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी ‘नो क्लेम बोनस’ची सवलत तो गमावतो. त्यामुळे थेट समोरच्याकडून पैसे घेण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. तथापि एकाच खर्चाची रक्कम विमा कंपनीकडून आणि समोरच्याकडूनही घेणे भरपाईच्या तत्त्वात बसत नाही. ‘या कामासाठी विम्याचा दावा केला आहे काय’ हा प्रश्न म्हणूनच उद्धटपणाचा ठरत नाही.

या व्यवहारात दोन्ही बाजू समबल असतात असे नाही. घरपोच सेवा देणारा दुचाकीस्वार आणि महागड्या मोटारीचा मालक रस्त्यात समोरासमोर येतात, तेव्हा गाडीची किल्ली काढून घेणे, परवाना ठेवून घेणे, पोलिसांत देण्याची धमकी देणे असे प्रकार घडतात. किल्ली वा परवाना जप्त करण्याचा अधिकार कोणाही खासगी व्यक्तीस नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ नुसार मालमत्तेची हानी गुन्हा ठरण्यासाठी तसा हेतू किंवा हानीची जाणीव असावी लागते. निव्वळ अपघात त्यात बसत नाही. बेदरकारपणे वाहन चालवून जिवाला धोका निर्माण केल्यास कलम २८१ लागू होऊ शकते, हे खरे. परंतु फौजदारी तक्रारीचा धाक दाखवून दिवाणी देणे फुगवणे हा न्याय्य मार्ग नव्हे, आणि भीती घालून पैसे उकळणे हा कलम ३०८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

मग बिल अवास्तव वाटल्यास करावे काय? अपघाताच्या जागीच दोन्ही वाहनांची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. भागवार, मजुरी व रंगकाम वेगळे दाखवणारे अंदाजपत्रक मागावे. काम सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या गॅरेजकडून दर घ्यावा. बदललेले जुने भाग दाखवण्याची विनंती करावी. जी रक्कम वाजवी वाटते ती कारणांसह लेखी कळवावी व ती देण्याची तयारी दाखवावी. सरसकट नकाराने वाजवी हरकतही बुडते. पैसे देताना ‘या अपघाताबाबत आता कोणतेही देणे उरले नाही’ अशी पावती घ्यावी. तडजोड होत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली, खटला दाखल होण्याआधीही, लोकअदालतीचा मार्ग खुला आहे.

मूळ दुखणे मात्र व्यक्तींच्या लोभापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. मोटार वाहन कायद्यानुसार सक्तीच्या असलेल्या तृतीय पक्ष विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेची हानीही येते. प्रचलित पॉलिसींत दुचाकीसाठी सर्वसाधारणपणे १ लाख, तर मोटारीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण असते. तरीही बारा हजारांच्या बंपरसाठी कोणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढत नाही. भरीस भर म्हणजे, कंपनीच्या लेखी संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये वा पैसे देण्याचे वचन देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. रस्त्यावर प्रामाणिकपणे ‘सगळा खर्च देतो’ असे लिहून देणारा माणूस त्यामुळे स्वतःचेच विमा संरक्षण धोक्यात घालतो.

युरोपातील अनेक देशांत दोन्ही चालक जागेवरच एक समान नमुना भरतात. त्यात चूक कोणाची याचा निवाडा नसतो, केवळ घटनेची नोंद असते, आणि पुढचा हिशेब विमा कंपन्या करतात. भारतात लहान रकमांच्या दाव्यांसाठी अशी सोय होत नाही, तोवर सक्तीने हप्ता भरलेला विमा कागदावरच राहील. भरपाईचा आकडाही ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ठरत राहील.