सांडपाण्यातील वीज

पाण्याने आग विझते, हा मानवाचा पुरातन अनुभव होय. बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावाने त्याला अपवाद दाखविला. २०१५, २०१७ व २०१८ ह्या तीनही वर्षी ह्या तलावावर आगी लागल्या. २०१८ च्या जानेवारीत तर आग आटोक्यात आणण्यासाठी लष्कराचे साहाय्य घ्यावे लागले. वाळलेले गवत, कचरा, तेलकट फेस आणि गाळातून सुटणारा ज्वालाग्राही वायू अशी कारणे त्या वेळी सांगितली गेली. ह्या दुर्दशेचे मूळ मात्र शहराच्या सांडपाण्यात आहे. ते वर्षानुवर्षे पुरेशा शुद्धीकरणाविना तलावात येत राहिले.

गाळातील तो वायू म्हणजे मिथेन. जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे सूक्ष्म जंतू मैला कुजवितात व त्यातून तो निर्माण होतो. हवेत मोकळा सुटल्यास शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवितो. हाच मैला बंदिस्त टाकीत कुजविला, तर वायू नळीवाटे इंजिनात नेऊन वीज निर्माण करता येते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात अशा वायूवर १८९७ सालीच दिवे लावले गेले होते.

अशी वीज ती किती, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. कर्नाटकातच पावगड येथील सौर विद्युत्‌केंद्राची क्षमता २,०५० मेगावॅट आहे. सांडपाण्याच्या वायूतून बहुधा शुद्धीकरण केंद्राच्याच गरजेचा काही भाग भागतो. परंतु विजेचे मोल केवळ युनिटांवरून ठरविणे योग्य नव्हे. सूर्याची वीज कोळशाचा धूर व राख टाळते. तिची आवश्यकता निर्विवाद आहे. तथापि तिने तलावाचे पाणी निवळत नाही. सांडपाण्याची वीज कोळसा वाचविते, मिथेनला हवेत जाऊ देत नाही आणि पाणी शुद्ध करण्याचा खर्चही हलका करते.

म्हणून प्रत्येक मोठ्या शुद्धीकरण केंद्राच्या आराखड्यात वायुसंग्रहाची व वीजनिर्मितीची योजना आरंभापासूनच असावी. तिचे यश मोजताना मात्र विजेच्या आकड्याआधी, केंद्रातून तलावात जाणारे पाणी किती स्वच्छ झाले, हे पाहिले पाहिजे.